दरवर्षी उसाचा तोच तुकडा बसतोय? युरिया टाकायच्या आधी मुळाचं टोक बघा

बेळगाव जिल्ह्यातलं रायबाग, कागवाड, अथणी, चिकोडी, कृष्णेच्या नाहीतर दूधगंगेच्या काठानं कुठल्याही गावात जावा, ही तक्रार ऐकायला मिळतेच. लागण वेळेत केली, बेणं चांगलं होतं, बाकी फड एकसारखा उगवला आणि एक तुकडा मात्र तसाच राहिला, कुठं डोळे फुटलेच नाहीत, कुठं फुटले ते वीतभर होऊन थांबले, फुटवे नाहीत, पानांची टोकं करपलेली. आणि गेल्या वर्षी पण तिथंच, त्याच्या आदल्या वर्षी पण तिथंच. मग शेजारचा सांगतो युरिया कमी पडला, दुकानदार सांगतो ह्यूमिक सोडा, कोण म्हणतं हुमणी असंल, आणि पाणी वाढवा हे तर सगळेच सांगतात. पाणी वाढवलं, युरिया टाकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो तुकडा अजून दोन सऱ्या पुढं सरकलेला असतो. हे चक्र मोडायचं असंल तर आधी एवढं डोक्यात घ्या की त्या जागी रोपाला खायला कमी पडलेलं नाहीये, त्याच्या मुळाचं टोकच वाढायचं थांबलंय, आणि ते मिठानं थांबलंय.

आता हे मीठच आहे हे ओळखायचं कसं, कारण पिवळं पडलं की सगळं एकसारखंच दिसतं. नत्र कमी असंल तर जुनी पानं पूर्ण फिकी पडतात आणि बहुतेक वेळा सगळ्या फडात थोडंफार तसंच दिसतं. लोह कमी असंल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हुमणी असंल तर ठोंब धरून ओढलं की सहज हातात येतं, खाली मुळ्याच खाल्लेल्या असतात. मिठात तसं नसतं. रोप खुजं असतं पण रंगानं उलट जास्त गडद, निळसर हिरवं दिसतं, आणि करप जुन्या पानाच्या टोकापासनं सुरू होऊन कडेकडेनं आत येतो. वाढलेल्या उसात कांड्या आखूड पडतात, पेरं जवळजवळ येतात. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पापडी धरते, आपल्याकडं म्हणतात तसं मीठ फुटायलंय. पांढऱ्याऐवजी काळपट तेलकट डाग दिसत असतील, पाऊस पडल्यावर तिथं पाणी दिवसदिवस तुंबत असंल आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होत असंल, तर ते वेगळं दुखणं आहे, त्यावर खाली येतो.

एक ठोंब फावड्यानं मातीसकट उचला, ओढू नका, बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं धुवा आणि मुळ्यांची टोकं बघा. चांगल्या जागेतल्या मुळीचं टोक पांढरंशुभ्र, टोकदार, मागं बारीक लव आणि बाजूच्या मुळ्या भरपूर. बसलेल्या तुकड्यातली मुळी आखूड, टोक तपकिरी नाहीतर बोथट, बाजूच्या मुळ्या निघून मिलिमीटरभर होऊन तशाच राहिलेल्या. दोन्ही ठोंब शेजारी ठेवून बघितल्याशिवाय हा फरक कळत नाही, म्हणून चांगल्या जागेतला पण एक काढाच, एका ठोंबाचं नुकसान होतंय ते होऊदे.

आत काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की बाजारातली निम्मी औषधं आपोआप बाद होतात. मुळाच्या टोकापाशी अगदी थोड्या जागेत पेशी सारख्या एकाच्या दोन होत असतात, तिथनं मागं सरकलेल्या पेशी लांब होतात, आणि ह्या दोन कामांच्या बेरजेला आपण वाढ म्हणतो. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की पहिला दणका पाण्याचा बसतो. कैरीच्या फोडीला मीठ चोळलं की पाणी सुटतं ना, तोच नियम, मीठ जिकडं जास्त तिकडं पाणी ओढलं जातं, त्यामुळं सरीत पाणी दिसत असूनही मुळाला ते घेता येत नाही. हे काही मिनिटांत सुरू होतं. रोप मग आपल्या पेशीत साखर, प्रोलीन असले पदार्थ साठवून पाणी ओढायची ताकद परत मिळवतं, पण ह्या साठवणीत जी ऊर्जा जाते ती वाढीतनंच वजा होते.

दुसरा दणका सावकाश बसतो, आठवड्यांनी, तो सोडियमचा. सोडियम आणि पोटॅशियम दिसायला सारखे, त्यामुळं पोटॅशियमच्या वाटेनं सोडियम आत घुसतं आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. पेशीतली कितीतरी एन्झाइम पोटॅशियमवर चालतात, प्रोटीन बनवायचं काम तर त्याच्याशिवाय होतच नाही. रोप काही गप्प बसत नाही, सोडियम परत बाहेर ढकलणारी प्रोटीनं त्याच्याकडं असतात, उरलेलं सोडियम पेशीतल्या रसाच्या पिशवीत कोंडून ठेवतं, पण पानातनं रोज पाणी उडतंय आणि मीठ मागं राहतंय, त्यामुळं जे पान सगळ्यात जुनं त्यात सगळ्यात जास्त मीठ साठतं. म्हणून करप खालच्या पानापासनं सुरू होतो.

आणि पेशी दुप्पट व्हायचं काय? पेशीला दोन व्हायच्या आधी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते आणि मग फुटावं लागतं, ह्या दोन्ही पायऱ्यांवर सीडीके नावाची एन्झाइम हिरवा कंदील देतात. अरॅबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप आहे, प्रयोगशाळेत सगळे त्याच्यावरच काम करतात, त्याच्या मुळावर 2004 साली छापून आलेल्या कामात असं दिसलं की मीठ दिल्यावर ह्या एन्झाइमचं काम आधी थोड्या वेळापुरतं पडतं, मग पेशी परत जवळपास नेहमीच्या वेगानं फुटायला लागतात, पण टोकातल्या फुटणाऱ्या पेशींची संख्याच कमी झालेली असते आणि तयार होणारी पेशी पण आखूड राहते. म्हणजे कामगार काम करतायत पण निम्मेच उरलेत असं झालं. शिवाय अॅबसिसिक अॅसिड नावाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळं बाजूच्या मुळ्या बाहेर पडल्या पडल्या काही काळ थबकतात. बादलीत जे आखूड टोक आणि मिलिमीटरभर मुळ्या दिसल्या ते हेच.

ह्याचा सरळ अर्थ असा की टोकाला मिठाचं पाणी लागत असेपर्यंत वरनं कुठलंही टॉनिक ओतून त्या पेशींची संख्या परत येत नाही. रोप मेलेलं नाहीये, त्यानं स्वतःला आवरून धरलंय, भोवतीचं मीठ उतरलं की नवी टोकं निघतात.

विश्वास बसत नसंल तर घरात करून बघण्यासारखं आहे. एकसारखे कांदे घ्या, जुन्या मुळ्या कापा, एक ग्लासात साध्या पाण्यावर ठेवा, एक लिटरला 1 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यावर, एक 5 ग्रॅमवाल्यावर. बूड पाण्याला टेकेल इतकंच. पाण्यात क्षार किती ते इसीनं, म्हणजे विद्युतवाहकतेनं मोजतात (एकक डेसीसायमन प्रति मीटर), 1 ग्रॅमवाल्याची इसी साधारण 2 होते, 5 ग्रॅमवाल्याची साडेआठच्या आसपास. रोज बघत राहा आणि मुळ्यांवर पट्टी लावा, आणि आठवड्यानंतर 5 ग्रॅमवाला कांदा साध्या पाण्यात हलवा आणि परत बघा. पोरांना शाळेच्या प्रयोगाला पण चालेल.

आता मुद्द्याचं काम. मीठ आहे म्हणजे जिप्सम टाका, एवढं सांगून लोक मोकळे होतात आणि तिथंच पैसा वाया जातो. जमीन तीन प्रकारानं बिघडते आणि तिन्हीचं औषध वेगळं आहे. नुसती खारवट असंल तर विरघळणारे क्षार जास्त, संपृक्त पेस्टच्या, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून केलेल्या लगद्यातनं काढलेल्या पाण्याची इसी 4 च्या वर, पीएच साडेआठच्या आत. चोपण असंल तर इसी 4 च्या खाली पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं, त्याचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर आणि पीएच साडेआठच्या पुढं. आणि तिसरी खारवट चोपण, इसी पण जास्त, सोडियम पण जास्त. पांढरी पापडी बहुतेक पहिलीची, काळपट तेलकट डाग आणि तुंबलेलं पाणी दुसरीचं.

रिपोर्ट यायच्या आधी अंदाज घ्यायचा असंल तर त्या तुकड्यातली वाळलेली माती मूठभर घ्या, काचेच्या बाटलीत टाका, पावसाचं साठवलेलं नाहीतर बॅटरीत घालायचं पाणी वर ओता, बोअरचं नको, हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी स्वच्छ निवळलं असंल तर क्षार जास्त, कण एकत्र बसलेत, म्हणजे खारवटकडं झुकतंय. पाणी चहासारखं गढूळच राहिलं असंल तर कण सुटे झालेत, सोडियमचं काम आहे. हा अंदाजच धरा, जिप्समचा डोस ह्याच्यावर ठरवू नका.

रिपोर्ट घेताना एक गोष्ट विचारून घ्या, इसी कुठल्या पद्धतीनं काढली. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि दोन-अडीच भाग पाणी घेऊन मोजतात, त्यात पाणी जास्त असल्यानं आकडा पेस्टच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. त्या पद्धतीत 1 च्या आत बरी धरतात. कागदावर 1.8 बघून "4 पेक्षा कमी आहे, चिंता नाही" असं समजून गप्प बसलेले लोक आहेत, तसं करू नका. नमुना पण वरचा वरचा खरवडून नको. बसलेल्या तुकड्यातनं 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन वेगळे, आणि तसेच तीन चांगल्या जागेतनं. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात कानडीत सांगायची वेळ आली तर सवळू-जवळू (खारवट-पाणथळ) जमीन म्हणा, लगेच कळतं.

उसाला किती मीठ चालतं म्हणाल तर पेस्टच्या इसीनं 1.7 पर्यंत काही होत नाही, त्याच्यापुढं प्रत्येक 1 ला जवळपास 6 टक्के उत्पादन जातं. म्हणजे 4 ला साधारण 14 टक्के आणि 6 ला पाव ऊस गेला. ऊस तसा सोसतो म्हणायचा, कांद्याचा हिशोब केला तर 4 ला 45 टक्के जातं आणि बीन्सचं निम्म्याहून जास्त. उलट कापूस साडेसातच्या पुढंपर्यंत दम धरतो आणि सातू 8 पर्यंत.

हे मीठ येतं कुठनं? दोन वाटा आहेत. एक खालनं, पाटाचं पाणी आलं, वर्षानुवर्षं वाफे भरभरून दिलं, काळ्या जमिनीत निचरा नाही, खालची पाणीपातळी वर चढली, आणि ती मीटर-दीड मीटरच्या आत आली की उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जाऊन उडतं आणि क्षार माथ्यावर राहतात. दुसरी वाट वरनं, बोअरच्या पाण्यातनं, आणि ह्याचा हिशोब कोण करत नाही म्हणून इथं करून दाखवतो. पाण्याची इसी 1 असंल, म्हणजे वाईट नव्हे, चालतं म्हणण्यासारखं पाणी, तर त्याच्या एका लिटरात साधारण 640 मिलिग्रॅम क्षार. एकराला 5 सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे 2 लाख लिटर. गुणाकार केला की एका पाण्यात सव्वाशे किलोच्या वर क्षार आपणच शेतात आणून टाकले. वीस पाण्यांना अडीच टन. ऊस त्यातलं किरकोळ उचलतो, बाकीचं निचऱ्यानं गेलं तर गेलं, नाहीतर तिथंच. म्हणून "पाणी वाढवा" हा सल्ला निचरा नसलेल्या तुकड्यात सगळ्यात महागात पडतो. बोअरचं पाणी तपासताना इसीबरोबर आरएससी, म्हणजे पाण्यातल्या उरलेल्या सोडियम कार्बोनेटचा आकडा पण मागा, ते अडीचच्या पुढं असंल तर ते पाणी जमीन चोपण करतं, मग इसी कितीही चांगली असूदे.

तर काय करायचं, आणि क्रम इथं फार महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी पाण्याला बाहेर जायची वाट. उघडा चर काढा, ओढ्याला नाहीतर नाल्याला जोडा, जुने चर बुजवून बांध सरळ केले असतील तर ते परत उघडा. जास्तच बिघडली असंल तर जमिनीखाली भोकं असलेले पाइप, साधारण मीटर-दीड मीटर खोल, भोवती जाळीचं कापड. नदीपलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे केलंय आणि पडीक पडलेली जमीन परत उसाखाली आणलीय, जाऊन बघून यावं असं आहे. एकट्यानं करायचं काम नव्हे ते, कारण पाणी सोडायचं कुठं हा प्रश्न खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन थांबतो. भाऊबंदकी असंल तर आधी चहा प्यायला बोलवा, मग पाइपचं कोटेशन मागवा, हे मी मनापासनं सांगतोय, पैशापेक्षा जास्त योजना ह्या एका कारणानं अडलेल्या बघितल्यात.

वाट झाली की धुणं. नुसती खारवट असंल तर जिप्समची गरजच नाही, तुकड्याभोवती बांध घालून पावसाचं पाणी साठवा आणि मुरू द्या, पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि फुकट मिळतं. पण चोपण नाहीतर खारवट चोपण असंल तर आधी जिप्सम आणि मगच धुणं. उलटं केलं की क्षार धुवून जातात, सोडियम मात्र कणांना चिकटून राहतं, आणि पाऊस थांबल्यावर जमीन आधीपेक्षा घट्ट होऊन बसते, पाणीच मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, आणि खाली जायला वाट नसंल तर सगळं तिथंच फिरत राहतं. शिवाय कॅल्शियम मुळाच्या पेशीच्या पडद्याला पण सांभाळतं, सोडियमची घुसखोरी कमी करतं. डोस रिपोर्टमधल्या जिप्समच्या गरजेवरनं, साधारण निम्मी गरज पहिल्या वर्षी, बारीक भुकटी, वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये मिसळून, खोल नांगरून गाडू नका. ज्यांच्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे त्यांना गंधक पण चालतं, ते जमिनीत आम्ल तयार करून तिथलाच चुना विरघळवतं, फक्त वेळ जास्त लागतो.

त्याच पावसात धैंचा नाहीतर ताग पेरा आणि फुलोऱ्याच्या आधी गाडा, साधारण दीड महिन्यात. धैंचा अशा जमिनीत तग धरतो आणि मुळ्यांनी वाट पाडतो. कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) मिळत असंल तर घ्या. पाचट जाळू नका, सरीत पसरून ठेवा, उन्हाळ्यात पाणी उडायचं कमी झालं की माथ्यावर मीठ चढायचं पण कमी होतं, हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि तोच काडी लावून जळतो बघा.

लागणीत थोडे बदल. क्षार सरीतल्या पाण्याबरोबर वरंब्याच्या माथ्याला जाऊन बसतात, म्हणून काही पण माथ्यावर लावू नका, बगलेला लावा. एक डोळ्याची तयार रोपं लावली तर उगवणीचा नाजूक काळ ट्रेमध्ये निघून जातो. जातीत फुले 265 ही 86032 पेक्षा क्षार जास्त सोसते, पण सोसते म्हणजे निचरा नको असं नव्हे. ड्रीप असंल तर क्षार ओल्या गोलाच्या कडेला साठतात, आणि उन्हाळ्यात एखादा हलका पाऊस पडला की ते सगळं परत मुळाकडं येतं, म्हणून असल्या पावसात ड्रीप बंद करायचं नाही, उलट चालू ठेवायचं. पोटॅश देताना म्युरेटऐवजी सल्फेटवालं द्या, म्युरेटमध्ये क्लोराइड असतं आणि त्याचा मिठाचा भार दुपटीहून जास्त. युरिया एकदम पोत्यानं ओतण्यापेक्षा थोडा थोडा विभागून.

गुऱ्हाळवाल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, अशा तुकड्यातल्या उसाचा गूळ खारट लागतो, नीट बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो, तेव्हा त्या तुकड्यातला ऊस वेगळा तोडा, सगळ्या आधणात मिसळू नका.

पाऊस संपला, वाफसा आला की मे मध्ये जिथं खड्डे घेतले त्याच्याच शेजारी परत तीन थरांचे नमुने घ्या आणि दोन्ही कागद समोर ठेवा. वरच्या थराचा आकडा उतरला आणि 60 ते 90 चा चढला असंल तर मीठ खाली सरकतंय, पुढच्या पावसाळ्यात परत तेच करायचं. तिन्ही थर उतरले असतील तर लागण करा. वरचा आकडा उतरलाच नसंल तर जिप्समचं दुसरं पोतं आणायच्या आधी चराच्या तोंडाशी जाऊन बघा पाणी खरंच बाहेर पडतंय का, बऱ्याचदा तिथं गाळ आणि गवत साठून तोंड बुजलेलं असतं.